कॉर्बेट टॉवरमधलं कुकी टेबल

करारपत्रात कुकी टेबलाचा उल्लेख नव्हता, कारण तो करावा लागतो हे यंग्सटाउनमध्ये कोणाच्या डोक्यातच येत नाही. हॉलला जमीन असेल, वर छत असेल, असं कोणी लिहून घेतं का? लग्न ठरलं की दोन्ही घरच्या आत्या, मावश्या, शेजारणी महिनाभर आधीपासून ओव्हन तापवतात, आणि लग्नाच्या दिवशी केकशेजारच्या लांब टेबलावर कुकीजचे डोंगर उभे राहतात. पाहुणे नाचून दमले की खातात आणि जाताना डबे भरून नेतात. केक फसला तर लोक आठवडाभर बोलतात. टेबल नसलं तर त्या लग्नाची जन्मभराची ओळखच ती होऊन बसते.

मार्लीन हुडाकने मुलीच्या लग्नासाठी कॉर्बेट टॉवरमधल्या हॉटेलच्या हॉलची सही केली तेव्हा समोर हॉटेलातली ब्रियाना नावाची, गावातलीच मुलगी होती. "आणि कुकी टेबल?" मार्लीनने पर्स बंद करता करता विचारलं होतं. "हे काय विचारणं झालं?" ब्रियाना म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या. पुढे ब्रियाना नोकरी सोडून कोलंबसला गेली आणि मालकांनी तिच्या जागी ॲरिझोनाहून ग्रेडी व्हिटलो नावाचा मॅनेजर पाठवला.

"बाहेरचं अन्न हॉलमध्ये आणता येत नाही," व्हिटलो म्हणाला. चाळिशीचा, बारीक, नीट दाढी केलेला माणूस. करारपत्राचं पान त्याने तिच्याकडे फिरवलं. "कलम अकरा. परवाना असलेल्या बेकरीचा केक तेवढा चालतो."

"हे अन्न नाही. हे कुकी टेबल आहे."

"मिसेस हुडाक, कुकी हे अन्नच आहे."

"तुम्ही आलात त्या गावात असेल."

तो हसला नाही. "आमचा शेफ चार प्रकारच्या कुकीज देऊ शकेल. छान बशीत मांडून. प्रत्येक पाहुण्यामागे दोन."

दोन! मार्लीन शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. बावीस वर्षं रोज सहाशे मुलांना जेवू घालून ती घरी येत असे. माणशी किती हा हिशेब तिला कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि लग्नात माणशी दोन कुकीज म्हणजे अपमान, हे तर तिच्या शाळेतल्या पहिलीच्या पोरांनीही सांगितलं असतं.

"लग्न दुसरीकडे करायचं तर..." व्हिटलोने पान पुन्हा स्वतःकडे वळवलं.

"दुसरीकडे करायचं नाही," मार्लीन म्हणाली.

कॉर्बेट टॉवर गावाच्या मधोमध उभा होता. सतरा मजले, बाहेरून भाजलेल्या मातीच्या पांढुरक्या फरशा, खाली बँक, वर वकील, विमा कंपन्या आणि दातांचे डॉक्टर. निम्म्या गावाचे दात नवव्या मजल्यावर उपटले गेले होते. पोलादाचे कारखाने बंद पडले तसे एकेक मजले रिकामे होत गेले, शेवटी बँकही गेली, आणि पुढे वीसेक वर्षं टॉवर नुसता उभा राहिला. वरच्या कठड्यात मेपलचं एक झाड उगवलं होतं. शरद ऋतूत ते लाल झालं की खालून दिसायचं. मग कोणीतरी तो विकत घेऊन त्याचं हॉटेल केलं. ऐतिहासिक वास्तू म्हणून सरकारने करात सवलत दिली, पण अटी घातल्या: बँकेचा हॉल तसाच ठेवायचा, पैसे मोजायचं संगमरवरी काउंटर हलवायचं नाही, आणि वरच्या मजल्यांवरची दुधी काचेची दारं, त्यांवरच्या सोनेरी नावांसकट, जागच्या जागी ठेवायची.

मार्लीनला हा टॉवर हवा होता त्याला कारण होतं. एकोणिसाव्या वर्षी अक्कलदाढ काढून ती नवव्या मजल्यावरून खाली येत असताना लिफ्ट अडकली. सोडवायला आलेल्या मेकॅनिकचं नाव रे हुडाक. जबडा बधिर असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तो एकटाच बोलत राहिला. तीस वर्षांच्या संसारात एवढं सलग बोलायची संधी त्याला पुन्हा मिळाली नाही, असं तो सांगायचा. तो जाऊन आता तीन वर्षं झाली होती. त्यांची एकुलती एक मुलगी कोरिन पोर्टलंडला राहत होती, तिकडच्याच वेसशी लग्न करत होती, आणि तिने आईकडे एवढंच मागितलं होतं: लग्न डॅडच्या टॉवरमध्ये आणि कुकी टेबल असलं पाहिजे. "वेसच्या घरच्यांना मी सांगून ठेवलंय, मॉम. त्यांना वाटतंय मी फुगवून सांगते."

व्हिटलोच्या खोलीतून निघून मार्लीन घरी गेली नाही. जिन्याने तळघरात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेली. शेफ डेझमंड गॅडिस कांद्याच्या ढिगासमोर उभा होता. गावाच्या दक्षिण भागातला, दरवाजाएवढा रुंद माणूस.

"तुमच्या लग्नात कुकी टेबल होतं?" तिने सरळ विचारलं.

डेझमंडने सुरी खाली ठेवली. "माझ्या आईच्या बाजूने अकरा बायका भाजत होत्या. सासूच्या बाजूने नऊ. अजून भांडतात त्यावरून." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "ग्रेडी नाही म्हणाला ना?"

"बाहेरचं अन्न नको म्हणतो."

"तो वाईट माणूस नाही. आधीच्या हॉटेलात कोणाच्या तरी निवृत्तीच्या पार्टीला घरून चिकन सॅलड आणलं होतं. सतरा लोक दवाखान्यात. हा प्रत्येकाच्या खाटेपाशी जाऊन बसला होता, असं त्यानेच मला सांगितलं."

 ही गोष्ट मार्लीनला ओळखीची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी फ्रिजचं तापमान पाहताना तिला हीच भीती वाटत असे. तिने भिंतीकडे पाहिलं. दोन मोठे ओव्हन, प्रत्येकात सहा थाळ्या.

"हे ओव्हन सकाळी नाश्त्यानंतर काय करतात?"

"थंड होतात," डेझमंड म्हणाला, आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अहो बाई, तुम्ही भयंकर आहात."

ती पुन्हा वर गेली. व्हिटलो फोनवर होता. ती समोर उभी राहिली, बसली नाही.

"अन्न बाहेरचं नको. कबूल. आतलं चालेल ना? तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या शेफच्या डोळ्यांसमोर, तुमच्या ओव्हनमध्ये भाजलेलं?"

व्हिटलोने फोन ठेवला. तो घाईने नाही म्हणणारा माणूस नव्हता. तो विचार करून नाही म्हणायचा. या वेळी विचार लांबला. "स्वयंपाकघरात फक्त आमचे कर्मचारीच काम करू शकतात. विमा तसाच आहे."

"मग आम्हाला आठवडाभर कामावर घ्या. पगार माझ्या बिलात धरा."

"आणि प्रत्येकीकडे काउंटीचं अन्नहाताळणीचं प्रमाणपत्र पाहिजे. परीक्षा असते."

"माझ्याकडे आहे."

"प्रत्येकीकडे, मिसेस हुडाक. एकही सूट नाही."

"सूट मागितली कोणी?" मार्लीन म्हणाली.

मार्लीनखेरीज तेरा जणी तयार झाल्या. मार्लीनच्या तीन बहिणी, शाळेतल्या दोघी, चर्चमधल्या काही, आणि शेजारची कॉनी पेट्रेला, जी पित्सेल या पातळ, नक्षीदार कुकीजचे लोखंडी साचे मुलांपेक्षा जपते. कॉनीने फोनवर एवढंच विचारलं, "केसांना जाळी लावावी लागेल? मग मी आदल्या दिवशी पार्लरला जात नाही, पैसे वाचले."

उरली इर्मा. रेची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या जर्दाळूच्या कोलाचकी, म्हणजे चौकोनी पातळ पोळीची दोन टोकं दुमडून आत जॅम भरलेल्या छोट्या कुकीज, हुडाकांच्या प्रत्येक लग्नात टेबलाच्या मध्यभागी असत. इर्माची थाळी नाही म्हणजे हुडाकांचं लग्न नाही. पण रेच्या अंत्यविधीपासून इर्मा आणि मार्लीन नाताळच्या कार्डापलीकडे एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. म्हणून मार्लीनने कोरिनला फोन करायला लावला.

"तेता इर्मा, माझ्यासाठी," कोरिन म्हणाली असेल; हुडाकांकडे आत्याला तेता म्हणतात. तेवढ्यावर इर्मा आली. मार्लीनसाठी आली नाही, हे तिने आल्या आल्या मार्लीनलाच सांगितलं.

काउंटीच्या आरोग्य खात्यातून आलेल्या बाईंनी सकाळी शिकवायचं आणि मग परीक्षा घ्यायची, असं ठरलं होतं. व्हिटलोने नवव्या मजल्यावरची बैठकीची खोली दिली. लिफ्टमधून बाहेर पडताच बायकांचा घोळका एका दुधी काचेच्या दारासमोर थबकला. काचेवर सोनेरी अक्षरं होती: डॉ. ए. सबातिनी, दंतवैद्य.

"अरे देवा," कॉनीने गाल धरला. "अजून दुखतंय."

"त्या दाराआड मी जाणार नाही," इर्मा म्हणाली. "त्या माणसाने माझा चांगला दात काढला आणि किडका ठेवला."

"तेता, तो मरून जमाना झाला," कोणीतरी मागून म्हणालं.

"मग दात परत दे म्हणावं."

मार्लीनने दाराची मूठ धरून ओढली. दार हललंच नाही. त्याच्या मागे सरळ भिंत होती. दार नुसतं दाखवायला ठेवलेलं, खोलीत जायचा खरा रस्ता पुढच्या वळणावर. इर्माने मूठ स्वतः फिरवून खात्री केली, समाधानाने मान हलवली आणि मगच पुढे निघाली.

परीक्षेत तेरा जणी पास झाल्या. इर्मा दोन गुणांनी राहिली.

आरोग्य खात्याच्या बाई फार मऊपणाने बोलत होत्या. "उत्तर समोरच्या चारांतून निवडायचं असतं. तुम्ही शेजारी लिहिलंय." त्यांनी कागद दाखवला. कस्टर्ड भरलेला पदार्थ खोलीच्या तापमानाला किती वेळ ठेवता येतो, या प्रश्नापुढे इर्माने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: माझ्या घरी तो इतका वेळ उरत नाही. हात कधी धुवावेत, यापुढे: हे मला विचारता? "दुपारी पुन्हा देता येईल," बाई म्हणाल्या.

इर्माने कोट उचलला. मार्लीन तिच्या मागे लिफ्टपर्यंत गेली.

"कुठे निघालीस?"

"बस पकडायला."

"बस तासाने आहे."

"मग तासभर खाली बसेन. खुर्चीवर. मला कोणी काही विचारणार नाही अशा ठिकाणी." इर्माने लिफ्टचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "माझ्या हातचं खाऊन या गावात आजवर एक माणूस आजारी पडला नाही. आणि ती पोरगी मला नापास करते! तुला बरं वाटलं असेल."

"मला कशाला बरं वाटेल? माझं टेबल अर्धवट राहील."

"तुला माझी थाळी कधीपासून लागायला लागली? रेच्या वेळी दारातून परत पाठवलीस ना? सख्ख्या भावाच्या मयताला आलेल्या लोकांना दुकानातल्या कुकीज! प्लास्टिकच्या डब्यातल्या! आम्ही चौघी बहिणी रात्रभर भाजत होतो."

लिफ्ट आली, उघडली, कोणी आत गेलं नाही, बंद झाली.

"थाळ्या आल्या असत्या तर तुम्हीही आला असतात," मार्लीन म्हणाली. "चौघी, माझ्या स्वयंपाकघरात, एप्रन बांधून. मला त्या दिवशी घरात एक खोली हवी होती जिथे कोणी नाही. दुसरी नव्हती."

"हे आज सांगतेस."

"आज विचारलंस."

"मग चुकलं म्हण."

"नाही म्हणणार. पुन्हा तशी वेळ आली तर तसंच करेन."

इर्माने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिची हनुवटी रेसारखीच होती, पुढे आलेली. मार्लीनला वाटलं, आता ही निघून जाईल, आणि गेली तर तिला थांबवायला आपल्याकडे दुसरं काहीही नाही. खोटं बोलणं सोपं होतं. चुकलं, हा एकच शब्द. पण ज्या दिवसाबद्दल ती कोणाशीच खोटं बोलली नव्हती, त्याबद्दल आज कुकीजसाठी बोलायला जीभ वळेना.

"रे म्हणायचा," इर्मा शेवटी म्हणाली, "की लिफ्टला वजन बांधतात ना, ते लोखंडाचं, ते तुझ्या डोक्यापेक्षा मऊ असतं."

"माझ्या तोंडावर म्हणायचा."

"आमच्याकडे येऊन कौतुकाने सांगायचा, मूर्ख." इर्माने कोटाचं बटण लावलं, मग पुन्हा काढलं. "काय करायचं आता?"

"कॉफी घ्यायची. मी तुला शिकवते."

"तू मला भाजायला शिकवणार?"

"भाजायला कोण शिकवेल तुला? उत्तरं द्यायला."

खाली लॉबीच्या कोपऱ्यात दोघी बसल्या. पहिल्या अर्ध्या तासात काहीही जमलं नाही. प्रत्येक प्रश्नावर इर्मा वाद घाली. शिजलेलं अन्न दोन तासांत थंड करावं? तिच्या मागच्या पडवीत जानेवारीत दहा मिनिटांत होतं. लाकडी फळी वापरावी की प्लास्टिकची? तिची फळी तिच्या आजीने स्लोव्हाकियाहून आणली होती. पुस्तक लिहिणाऱ्याची कुठून आली? वाद बरोबर होते, ही खरी अडचण होती. मार्लीन एखाद्या विद्यार्थ्याच्या चुकलेल्या गणिताकडे बघावं तशी त्या उत्तरांकडे बघत होती. चूक आकडेमोडीत नव्हती. इर्मा वेगळंच गणित सोडवत होती.

"थांब," ती म्हणाली. "हे प्रश्न तुझ्याबद्दल नाहीतच. ज्याला काही म्हणजे काही येत नाही अशा माणसाला स्वयंपाकघरात सोडलंय, आणि बाहेर दोनशे पाहुणे बसलेत. त्याला काय सांगायचं, ते विचारलंय."

इर्माने कप खाली ठेवला. "म्हणजे आमच्या शॅरनसारखं." शॅरन तिची सून.

"अगदी शॅरन. आता सांग, शॅरनने कस्टर्ड बाहेर किती वेळ ठेवावं?"

"शॅरनने? एक मिनिट नाही! फ्रिजमध्ये घाल म्हणावं आत्ताच्या आत्ता."

"चारांतलं एक निवड."

"सगळ्यात कमी वेळ."

"हात कधी धुवायचे?"

"तिने? आत येताना, फोन उचलल्यावर, नाक पुसल्यावर, आणि मला विचारून पुन्हा एकदा."

दुपारी इर्मा पुन्हा नवव्या मजल्यावर गेली आणि वीस मिनिटांत खाली आली. एकही उत्तर चुकलं नव्हतं. शेजारी काही लिहिलं नव्हतं, फक्त एका प्रश्नापाशी शॅरन असं लिहून खोडलं होतं. व्हिटलोने तिला छातीवर लावायची नावाची पट्टी दिली. इर्माने ती दूर धरून वाचली. "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नोकरी लागली," ती म्हणाली. "निवृत्ती कधी?"

"रविवारी," व्हिटलो म्हणाला. तो विनोद करू शकतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सोमवारपासून रोज नाश्ता आटोपला की पंधरा जणी तळघरात उतरत. पहिल्या दिवशी कोलाचकीची सगळी दुमडलेली टोकं उघडली, कारण हॉटेलच्या ओव्हनमध्ये पंखा होता आणि कणीक सेट होण्याआधीच गरम वारा ती उचलत होता. डेझमंड म्हणाला पंखा बंद होत नाही. इर्मा म्हणाली जगात बंद न होणारी एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे शॅरनचं तोंड. दोघे ओव्हनच्या मागे वाकून बसले. शेवटी पंखा नाही थांबला, पण भाजण्याआधी थाळ्या अर्धा तास गार खोलीत ठेवल्या की लोणी घट्ट होतं आणि टोकं जागेवर राहतात, हे सापडलं. इर्माने ते आपणच शोधलं असं जाहीर केलं. डेझमंडनेही.

व्हिटलो रोज खाली येत असे, थर्मामीटर घेऊन. पहिले दोन दिवस त्याला पाहून बायका गप्प होत. तिसऱ्या दिवशी कॉनीने त्याच्याकडे न बघताच तापमानाचा आकडा ओरडून सांगितला, आणि तो बरोबर निघाला. त्याने तरी थर्मामीटर लावून पाहिलंच. मार्लीनला ते आवडलं. तिनेही तेच केलं असतं.

शनिवारी, लग्नाच्या दिवशी सकाळी, थाळ्या वर आल्या. बँकेच्या हॉलमध्ये त्या संगमरवरी काउंटरचा एक भाग पहिल्याच दिवशी मार्लीनने मनात धरून ठेवला होता: पितळी जाळ्यांखालून सरळ जाणारा, गार, पांढरा, कुठल्याही टेबलापेक्षा लांब. व्हिटलोने एकच अट घातली, खाली कागद हवा, कारण जर्दाळूच्या आंबटपणाने संगमरवराची झिलई जाते आणि ती परत आणता येत नाही. ते खरंच होतं, म्हणून मार्लीनने दुहेरी कागद अंथरला.

मग मांडायला सुरुवात झाली. मध्ये इर्माच्या कोलाचकी, दोन्ही अंगांना कॉनीच्या जाळीदार पित्सेल उभ्या रचलेल्या, मग कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांभोवती गुंडाळून भाजलेल्या आणि आत क्रीम भरलेल्या नळ्या, अक्रोडाच्या, खसखशीच्या, पीचसारख्या दिसणाऱ्या. वेसची आई हॉल बघायला म्हणून आली आणि दारातच उभी राहिली. "हे सगळं... आजच्या एका दिवसासाठी?" तिने विचारलं. कोरिन केसांत रोलर्स घालून तिच्या शेजारी उभी होती.  ती बापासारखी हनुवटी पुढे काढून काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली.

दुपारी काउंटर भरलं. पहिलं टोक, शेवटचं टोक, पितळी जाळ्यांच्या मधल्या खिडक्यासुद्धा. आणि लिफ्टचं दार पुन्हा उघडलं. डेझमंड आणखी चार थाळ्या घेऊन आला.

"अजून किती आहेत खाली?" मार्लीनने विचारलं.

"तुम्ही नको ऐकायला," डेझमंड म्हणाला.

इर्मा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुला माणशी किती धरायचं कळत नाही म्हणून मी थोडं जास्त केलं."

मार्लीनने जागा शोधत हॉलभर नजर फिरवली. केकचं टेबल लहान. खिडक्यांच्या कट्ट्यांवर ऊन. दार ओलांडून लॉबीत तिची नजर गेली. तिथे रिसेप्शनचं काउंटर होतं, त्याच संगमरवराचं, आणि मागे व्हिटलो दोन पाहुण्यांची नावं लिहून घेत होता.

ती चालत त्याच्यासमोर गेली. हातात एक थाळी होती. तिने काही विचारलं नाही.

व्हिटलोने थाळीकडे पाहिलं, तिच्या मागे लिफ्टपाशी उभ्या असलेल्या डेझमंडकडे पाहिलं, त्याच्या मागे जाळी घातलेल्या चौदा डोक्यांकडे पाहिलं. मग त्याने पाहुण्यांची माफी मागितली, संगणकाचा पडदा बाजूला सरकवला, घंटी आणि पेनांचा स्टँड खाली ठेवला आणि खिशातून रुमाल काढून काउंटर पुसायला लागला.

"आधी कागद अंथरा," तो म्हणाला.